गुंडीची अक्का

अक्का चित्र काढताना तोंडं करायच्या. रागावलेला मास्तर काढायचा असला की त्यांच्या भुवया जवळ यायच्या, नाकपुड्या फुगायच्या, खालचा ओठ पुढे यायचा. घाबरलेली शेळी काढायची असली की मान लांब व्हायची. आपण असं करतो हे त्यांच्या गावीही नसायचं. मी त्या प्रकाशनात नोकरीला लागलो त्या पहिल्या सकाळी टेबलापलीकडून पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई माझ्याकडे इतक्या तिरस्काराने बघत होत्या, की मी बाहेर काढलेली पाण्याची बाटली पुन्हा पिशवीत ठेवली. वाटलं, आपण चुकीच्या खुर्चीवर बसलोय. बऱ्याच वेळाने त्यांनी कागद उचलून दाखवला. त्यावर एक घरमालकीण होती, दूध पिऊन खिडकीतून सटकणाऱ्या मांजराकडे बघणारी.

"तू समोर बसलास की, म्हणून तुझ्याकडे बघितल्यासारखं झालं असेल," त्या म्हणाल्या. "मनावर घेऊ नकोस. चहा घेणार?"

त्यांचं नाव वत्सला, पण त्यांना अक्का सगळेच म्हणत. मालक म्हणत, हिशेब बघणारे म्हणत, खालचा वॉचमन म्हणे. त्यांचं घराणं मराठी, पण कितीतरी पिढ्या बंगळुरात गेलेल्या. वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि 'स्वल्प'वर, म्हणजे 'जरा'वर, अडून 'सरी'ला, म्हणजे 'बरं'ला, जाऊन थांबायचं. मी नागपूरचा. पहिले काही दिवस मला त्यांचं मराठी ऐकून हसू यायचं, आणि त्यांना माझं ऐकून. "तुम्ही लोक भांडल्यासारखं प्रेमानं बोलता," असं त्या म्हणायच्या.

आमचं प्रकाशन लहान मुलांची चित्रांची पुस्तकं काढायचं, कन्नडमध्ये, मराठीत, तमिळमध्ये, इंग्रजीत. त्यातली सगळ्यात चालणारी पुस्तकं गुंडीची. गुंडी म्हणजे सातआठ वर्षांची एक मुलगी. तिच्या फ्रॉकची बटणं कायम एक घर चुकवून लावलेली, आणि ती कायम कुठेतरी पळत निघालेली. प्रकाशन सुरू झालं तेव्हापासून तिला एकट्या अक्काच काढत होत्या. गोष्टी लिहिणारे बदलले, मालकांचे केस पांढरे झाले, गुंडी पळतच होती.

मी तिथे आलो तेव्हा चाळिशीला टेकलो होतो. त्याआधी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात होतो. तिथे पाण्याचे पंप बनायचे आणि पंपासोबत जी माहितीपुस्तिका येते तिच्यातली चित्रं मी काढायचो. हा वॉशर, हा नट, हा पंखा; सगळे सुटे करून, एकाखाली एक, बाण दाखवून. माणसं काढायची इच्छा लहानपणापासून होती आणि ती मी बायकोला, माधवीला, इतक्या वेळा बोलून दाखवली होती की एक दिवस ती वैतागून म्हणाली, "सोड ती नोकरी. एकदा करून बघ. नाहीतर म्हातारपणी मला बोलत बसशील." तिचं बेळ्ळंदूरला ऑफिस होतं. घराचा सगळा भार तिने उचलला. संध्याकाळी ट्रॅफिकमधून पिळवटून घरी आली की चप्पल काढता काढता विचारायची, "आज काय काढलंस?" दिवसभर मी दुसऱ्यांच्या चित्रातलं आभाळ रंगवलेलं असायचं. "माणसं," असं मी सांगायचो.

मला माणसं काढता येत नाहीत हे अक्कांच्या लगेच लक्षात आलं होतं. माझी माणसं उभी राहिली की खांबासारखी उभी राहायची. त्या आनेकलला, शाळेत शिकवणाऱ्या धाकट्या बहिणीबरोबर राहायच्या आणि रोज बसने ये-जा करायच्या. एका संध्याकाळी त्या मला बरोबर घेऊन निघाल्या आणि बोम्मसंद्र्याच्या थांब्यावर उतरवलं. पाळी सुटली होती. कारखान्यांतून माणसं बाहेर पडत होती. मी सवयीने चित्राची वही काढली.

"ती आत ठेव," अक्का म्हणाल्या. "वही दिसली की लोक फोटोला उभे राहिल्यासारखे होतात. नुसतं बघ. तोंडं बघू नकोस, तोंड कुणीही काढतं. गुडघे बघ."

मग त्या मला चहाच्या टपरीमागे घेऊन गेल्या. "तो निळ्या शर्टाचा बघितलास? तसा उभा राहा."

"अक्का, इथे?"

"अय्यो, मग काय घरी आरशापुढे? उभा राहा की रे पंपवाल्या!"

मी उभा राहिलो. "तो एका पायावर होता. तू दोन्ही पायांवर आहेस. तुला घरी जायचंच नाहीये." मग एक डबा हातात धरलेली बाई, मग मोबाइलवर भांडणारा एक सुपरवायझर. चहावाला हसता हसता दूध उतू घालवत होता. त्याच रस्त्याने मी कित्येक वर्षं कामावर जात होतो, त्याच लोकांबरोबर कँटीनमध्ये जेवत होतो, आणि त्यांतलं कोण कसं उभं राहतं ते मला आठवत नव्हतं. या गोष्टीची मला त्या दिवशी जी लाज वाटली ती अजून पुरती गेलेली नाही.

अक्कांचा उजवा हात कधीपासून थरथरायला लागला ते मला नेमकं सांगता येणार नाही. त्यांनी ते लपवलं होतं. आधी त्या चहाचा पेला दोन्ही हातांनी धरायला लागल्या. मग चित्र काढताना डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरायला लागल्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी झोप यायची आणि हात तसाच राहायचा. मालक वाईट माणूस नव्हते. पण पुस्तकं वेळेवर निघायला हवी होती. त्यांनी अक्कांना सांगितलं, की गुंडी काढायला कुणाला तरी तुमच्या हाताखाली तयार करा, नाहीतर ही मालिका आपण इथेच थांबवू.

दुपारी डबा खाताना अक्कांनी ते मला सांगितलं. चित्रान्न चिवडत म्हणाल्या, "मला मूलबाळ नाही याची आठवण लोक मला न चुकता करून देतात. मी कधी मनाला लावून घेतलं नाही. पण ही पोरगी माझ्याबरोबर बंद पडली तर मला सोसायचं नाही. तू घे तिला. आणि स्वल्प लवकर घे."

मी हो म्हणालो. आनंद झाला होता, हे लपवत नाही. एवढ्या उशिरा या धंद्यात आलेल्या माणसाला असं पात्र आयतं हातात मिळत नाही. त्या रात्री जेवताना माधवीने पहिल्यांदा आपणहून श्रीखंड आणलं.

अक्का शेजारी बसायच्या आणि म्हणायच्या, "काढ." मी काढायचो. बटणं चुकलेली, वेण्या बरोबर, पाय पळताना जसे असतात तसे. आणि गुंडी जागच्या जागी थिजलेली. "पुन्हा," अक्का म्हणायच्या. त्यांनी चित्राला कधी हात लावला नाही. फक्त खुर्चीवरून उठायच्या आणि त्या वयात, त्या साडीत, टेबलांच्या मधून गुंडीसारख्या पळून दाखवायच्या. "बघ, ती पुढे आधी पोटानं जाते. पाय मागनं येतात." ऑफिसातले लोक टाळ्या वाजवायचे. मी मान डोलवायचो आणि खुर्चीत बसून राहायचो. मला पळायची लाज वाटायची. किती महिने गेले असे. त्यांच्या हाताची थरथर वाढत चालली होती आणि माझी गुंडी काही हलत नव्हती.

मग मला माझ्या समजुतीने एक फार चांगली गोष्ट सुचली. मी गुंडीची सगळी जुनी पुस्तकं घेतली आणि पंपाचे करायचो तसे तिचे भाग सुटे केले. हसणारं तोंड, रडणारं तोंड, वर बघणारे डोळे, खाली बघणारे डोळे, वाकलेला हात, सरळ हात, पळणारे पाय. प्रत्येकाचं माप घेतलं आणि कॉम्प्युटरवर ते असे रचले की हवे ते भाग उचलून जोडले की गुंडी तयार. रविवारीसुद्धा बसून मी ते केलं. मनात अक्काच होत्या. वाटलं, आता त्यांना हात चालवायला नको, नुसतं जोडायचं. म्हणजे गुंडी त्यांच्याकडेच राहील.

मालकांनी बघितलं आणि माझी पाठ थोपटली. मग मी अक्कांना स्क्रीनसमोर बसवलं. त्या बराच वेळ बघत होत्या. डोळ्यांची ओळ, हातांची ओळ, पायांची ओळ.

"पंपच केलास की रे," त्या म्हणाल्या.

सगळे हसले. मीही हसलो. मग अक्कांना वाटलं असावं, की आपण फार बोललो. "नाही, छान केलंयस. माप अगदी बरोबर आहे. हरवली तर पोलिसांना दाखवायला कामी येईल." पुन्हा सगळे हसले. अक्कांनी माउसवर हात ठेवला. हात थरथरत होता म्हणून पाय जागेवर बसायला वेळ लागला, पण त्यांनी एक पळणारी गुंडी जोडली. तिच्याकडे बघताना त्यांनी कुठलंच तोंड केलं नाही. "सरी," म्हणाल्या आणि चहा प्यायला उठल्या.

पुढची उगादी यायच्या आत त्यांनी काम सोडलं. ऑफिसने शाल दिली. चार शब्द बोला म्हटल्यावर अक्का म्हणाल्या, "मला बोलता आलं असतं तर चित्रं कशाला काढली असती? केसरीबात गार होतोय, खा." मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेलो. बसमध्ये चढताना त्यांनी माझ्याकडे पिशवी दिली आणि दांडा दोन्ही हातांनी धरला. वर गेल्यावर पिशवी घेतली. "येत जा आनेकलला," म्हणाल्या. मी येतो म्हणालो.

मी गेलो नाही. एकदा निघालो होतो, सर्जापूरच्या रस्त्यावर अडकलो आणि परत फिरलो. मग पुस्तकं वाढली. सुट्या भागांमुळे गुंडी झपाझप निघायला लागली. शाळा मला बोलवायला लागल्या, पुस्तकांच्या जत्रेत माझ्या नावाची पाटी लागायला लागली. लोक म्हणतात माझं करिअर झालं. झालं असेल. माधवीने 'आज काय काढलंस' विचारणं कधी बंद केलं ते मला कळलंही नाही. दिवसभर मी पाय उचलायचो, डोळे उचलायचो, जोडायचो, आणि घरी येताना खांदे एवढे दुखायचे, की वाटायचं आपण काहीतरी फार जड वाहतोय. काय ते दिसत नव्हतं.

अशाच एका पुस्तकांच्या जत्रेत मी सही करायला बसलो होतो. मुलांना नुसती सही चालत नाही, पहिल्या पानावर गुंडी काढून लागते, आणि तिथे कॉम्प्युटर नसतो. जाड मार्कर आणि हात, बस. दुपार होती, मंडपात पंखा नव्हता, रांग दारापर्यंत गेली होती. सुरुवातीच्या गुंड्या मी मापात काढल्या. नंतर हात आपोआप चालायला लागला. मी वर बघणं सोडून दिलं होतं. पुस्तक यायचं, मी नाव विचारायचो, काढायचो, पुस्तक जायचं.

एक पुस्तक आलं. मी गुंडी काढली आणि नाव विचारलं, "हेसरू?"

"वत्सला लिही."

मी वर बघितलं. अक्का होत्या. वाळल्या होत्या, केस कापलेले. उजवा हात त्यांनी पदरात गुंडाळून घेतला होता. त्यांच्या मागे आणि पुढे कमरेएवढी मुलं.

"अक्का! तुम्ही रांगेत? मला हाक मारायची ना."

"का? पुस्तक विकत घेतलंय की. रांगेतच यायचं." त्यांनी डाव्या हाताने पुस्तक स्वतःकडे फिरवलं आणि चित्र बघायला लागल्या. मी चित्राकडे तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. गुंडी पळत नव्हती. पानाच्या कडेला एका खांद्याने टेकून उभी होती, सगळं वजन एका पायावर, मान किंचित खाली. डोकं मापापेक्षा मोठं झालं होतं.

"चुकलंय, अक्का. सकाळपासून काढतोय. दुसरं पुस्तक मागवतो, नीट काढून देतो."

"दमलीये," अक्का म्हणाल्या.

"हो ना, सकाळपासून..."

"तू नव्हे रे. ही." आणि मग त्यांचा चेहरा बदलला. गाल खाली आले, पापण्या जड झाल्या, एक खांदा उतरला. पानावरच्या त्या पोरीसारख्याच त्या दिसायला लागल्या. बघता बघता त्यांचं ते तोंड हसण्यात गेलं. "माझी कधी दमली नाही. मी पळवतच राहिले तिला. ही तुझी आहे. हिला पुसू नकोस, पोरांसाठी हसवू नकोस. नाव घाल."

मी नाव घातलं. त्यांनी पुस्तक छातीशी धरलं आणि बाजूच्या वाटेने बाहेर निघाल्या. दाराशी बहीण उभी होती, तिने दंड धरला. मी उठायला हवं होतं. निदान रिक्षापर्यंत जायला हवं होतं. पण समोर रांग होती, आणि मागून कुणाची तरी आई म्हणत होती, किती वेळ. पुढच्या चारपाच महिन्यांत अक्का गेल्या. ती आमची शेवटची भेट. हे तेव्हा माहीत असतं तरी मी उठलो असतो का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. खात्रीने हो म्हणवत नाही.

त्या दुपारी अक्का दिसेनाशा झाल्या तोवर एका मुलीने टेबलावर पुस्तक ठेवलं होतं. "अंकल, मला पळणारी हवी," ती म्हणाली. मी पळणारी काढली. पोट पुढे, पाय मागे. तीही जराशी दमलेलीच आली. मी मार्करचं टोपण लावलं आणि ती तशीच तिच्या हातात दिली.