लाभापासून मोजा

मापारीबुवांचा आवाज आधी यायचा, माणूस मागून. मंगरूळपीरच्या बाजारात ते राशीपाशी बसून पायलीनं ज्वारी मोजत आणि प्रत्येक पायली गाऊन सांगत. शेतकरी आणि व्यापारी, दोघांनाही ऐकू गेलं पाहिजे. 'एक' म्हणायचं नाही. 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. हिवाळ्यातल्या दुपारी सोनेरी भुशातून तो स्वर माझ्या दवाखान्यापर्यंत तरंगत येई आणि पेशंट तपासता तपासता मला गुंगी चढे.

छातीत कळ येते म्हणून ते आले. मी मुकाट्यानं नाडी धरली, तर म्हणाले, "मोठ्यानं मोजा, डाक्टर. मनातल्या मनात मोजून राह्यले तर इश्वास कोण ठेवन?" मी नवा, तापट डॉक्टर. चिडलो, पण मोजलं. तेही लाभापासून.

नागपूरला छातीचा एक्स-रे फोटो काढवला. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी मुळाशीच फुगली होती आणि हृदयाला रक्त पुरवणारी बारीक वाहिनी तिच्याखाली दबत असावी. क्वचित दिसणारं दुखणं. पन्नास सालानंतरची ती वर्षं. कापून दुरुस्त करणं आमच्यापैकी कुणाच्या हातात नव्हतं. जिभेखालची गोळी, आराम आणि ओरडायचं नाही, एवढंच माझ्याजवळ होतं.

"म्हंजे मोठ्या भावानं धाकट्याचं पानी अडवलं," बुवा हसले. "पन मुक्या मापाऱ्याले रास कोण देईन?"

खरंच कुणी देईना. मग त्यांची बायको, गंगाबाई, पदर खोचून राशीपाशी येऊन बसली. बुवा हळूहळू पायली भरत, ती गाई. लोक आधी हसले, मग त्यांना तिच्या आवाजाची सवय झाली. मलाही झाली. आवाज येतोय म्हणजे बुवा आहेत, एवढ्यावर माझी दुपार निवांत जाई.

एका दुपारी आवाज मधेच थांबला. मी दवाखाना तसाच टाकून धावलो. बुवा राशीला टेकले होते, मुठीत ज्वारी. मी मनगट धरलं आणि बोटं सरकवत नाडी शोधत राहिलो.

"मोठ्यानं मोजा ना, डाक्टर," गंगाबाई म्हणाली. मी बोलेना, तेव्हा तिनंच सुरुवात करून दिली, "लाभ..." आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

फार जीव होता माझा त्या माणसावर. दोन काही मला म्हणता आलं नाही.