मामीचा कान

घड्याळजींना सारा बाजार ‘जीनियस’ म्हणायचा आणि, खोटं कशाला सांगा, त्यांनाही ते गोड लागायचं. आतली गोष्ट मात्र वेगळीच होती. दुरुस्त झालेलं प्रत्येक घड्याळ आधी पडद्यामागे स्टुलावर बसलेल्या बायकोच्या कानाशी जायचं. “अहो, लंगडतंय अजून,” असं ती म्हणाली, की घड्याळजी मुकाट्याने ते पुन्हा उघडायचे. गिऱ्हाइकांसमोर मात्र तीस वर्षांत एकदाही त्यांनी तिचं नाव काढलं नाही.

बायको गेली. वर्षभराने शब्दकोशाच्या कचेरीत काम करणारी भाची चहाला आली.

“मामा, काल तुमचा शब्द माझ्या टेबलावर होता! जुन्या रोममध्ये हुशार माणसाला जीनियस म्हणत नसत. प्रत्येकाबरोबर जन्माला येणारी, जन्मभर त्याला सांभाळणारी एक देवता असते असं मानायचे, तिला म्हणायचे. मूळ धातूच ‘जन्म देणे’ असा आहे.”

“म्हणजे मी नव्हेच?”

“तुम्ही कसले? तुमची जीनियस त्या स्टुलावर बसायची!” भाची खळखळून हसली. घड्याळजींना काही हसू येईना.

दुसऱ्याच दिवशी एक गिऱ्हाईक मनगटावर घड्याळ बांधत म्हणालं, “जीनियस आहात!”

घड्याळजींनी धीर केला. “मी नाही हो. कान आमच्या हिचा होता.”

“वा! वर एवढा विनय!”

संध्याकाळपर्यंत बाजारभर घड्याळजींच्या विनयाचीच चर्चा होती. ज्या कानावर ते वाक्य पडायला हवं होतं, तो मात्र आता नव्हता.