त्या पोरीचा व्हिडिओ काढून टाका

पाड्यावरच्या मंडळींनो, आज आपल्या ग्रुपवर तिसरीतल्या पोरीचा शाळेतला व्हिडिओ फिरतोय. पुस्तकातली मराठी वाचताना ती अडखळते आणि तुम्ही हसताय. आपल्या घरात तशी मराठी बोलतं कोण?

माझी बहीण डहाणूला डीएड करते, सध्या त्याच शाळेत सराव पाठ घेते. तिने ग्रुपवर लिहिलं, "घरच्यांना विचारल्याशिवाय पोरांचं शूटिंग नको." लगेच एक काका बोलले, "आधी शाळेत बाई तर हो, मग शिकव आम्हाला!"

काका, ती बाई होणारच. तिच्या वर्गात मोबाईल शिकवायला असेल, पोरांची मजा घ्यायला नाही.

मी पाचवीत अडखळलो तेव्हा फक्त वर्ग हसला होता. तरी मी परत शाळेत गेलो नाही, आज राजकोटला कारखान्यात मशीनवर उभा आहे. या पोरीवर तर अख्खा पाडा हसतोय.

उद्या ती शाळेत आली नाही, तर तिला आणायला तुमच्यातलं कोण जाणार?