वरंब्यावरचा पालक

फोन आला तेव्हा मी सांगलीला घरी देवपूजा करत होते. पलीकडून दादा एवढंच म्हणाला, "शालू, तुझी वहिनी गेली बघ..." मी आधी चिडलेच. संक्रांतीला हाताला धरून मला रानात फिरवून आणणारी बाई अशी न सांगता जाते म्हणजे काय! झोपेतच गेली म्हणे. शेवटचं भांडायलासुद्धा मिळालं नाही... कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी पोचेपर्यंत दारात माणसं जमली होती.

दादा फौजेत होता तोवर उसाचं रान वहिनीनं एकटीनं सांभाळलं. निवृत्त होऊन त्यानं कारभार हातात घेतला, तेव्हा तिनं एकच अट घातली, "आवं, ऊस तुमचा. वरंबा माझा." संक्रांतीनंतर नवी लागण झाली की ऊस वर येईपर्यंत दोन सऱ्यांमधला वरंबा मोकळाच असतो. तिथं ती पालक टोकायची. सरत्या थंडीत बी लवकर उगवत नाही, म्हणून ते कोमट पाण्यात भिजवून, फडक्यात बांधून चुलीच्या उबेला ठेवायची. दादा चिडवायचा, "बाळंतीण हाय का ती, शेकायला?" ती ऐकून घेणारी नव्हतीच. म्हणायची, "खाताना इचारते." शिमग्याच्या आधी पालक कापायला यायचा, पण पहिली कापणी घरात कधी आली नाही. ती जायची रानाच्या कडेला खोपी घालून राहिलेल्या ऊसतोडीच्या बायकांना. हंगाम संपला की त्या आपल्या मुलखाला परतायच्या, त्याच्या आत त्यांना ताजी भाजी मिळाली पाहिजे, हा तिचा हट्ट. "आपला ऊस तोडत्यात आन् भाकरीसंगं चटणी खात्यात. हिरवं कवा खायाचं त्यांनी?" दादा मदतीला गेला की पालक मुळासकट उपटायचा आणि तिची बोलणी खायचा. "बोटभर ठिवा की बुडाला! परत फुटतंय ते." त्या फुटव्याची दुसरी कापणी आमची.

यंदाही तिनं पालक टोकून ठेवला होता. तेरावा झाला तेव्हा पानं तळहाताएवढी झाली होती. मी विळा घ्यायला गेले, तर दादा आडवा आला. "कुणी हात लावायचा न्हाई. तिनं लावलाय, तसाच ऱ्हाऊ दे." त्याचं दुःख मला कळत होतं, म्हणून मागं फिरले. पण ऊन तापू लागलं होतं. पालक एकदा फुलावर गेला की पान चिवट होतं, मग तो कुणाच्याच तोंडी लागत नाही. अशात ऊसतोडीच्या टोळीतली मंगल भेटायला आली. "मालक, परवा निघायचंय. बाईंची गाठ राहूनच गेली..." म्हणत तिनं डोळ्याला पदर लावला. जाताना वरंब्याकडं बघितलं, मागितलं मात्र काहीच नाही. ती गेल्यावर माझा तोल सुटला. "दादा, ऊस तुझा, वरंबा तिचा. तिचं देणं अडवणारा तू कोण रं?" तो उठून गेला. आपण फार बोललो असं वाटून मला रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी बघते तर दादा रानात पोतं टाकून बसलेला. दुखऱ्या गुडघ्यांनी सरकत सरकत पालक कापत होता, बुडाला बोटभर ठेवून. पाचटानं जुड्या बांधत होता आणि मोकळेपणानं रडत होता. मीही शेजारी बसले. मग त्यानं पाटी स्वतः उचलली आणि मंगलच्या खोपीपुढं नेऊन ठेवली. "ही तुमच्या बाईंची," एवढंच म्हणाला.

वहिनीचा विळा गोठ्यातल्या मेढीला खिळ्यावर अडकवलेला असतो. वहिनी बुटकी, खिळाही तिच्या हाताला येईल असा. येता-जाता त्यात अडकून दादाचे किती सदरे फाटले असतील! "एक दिस उपटून टाकतो बघ ह्यो," ही त्याची जुनी धमकी. परवा मी पुन्हा गेले, तेव्हा ताटात दुसऱ्या कापणीची भाजी होती. जेवताना दादाची बाही फाटलेली दिसली. मी म्हटलं, "आता तरी खिळा वर ठोकून घे."

"नगं," दादा म्हणाला. "तिला घावाय पायजे."