सॅन्टनभाऊंचा तिसरा गिअर

आमच्या भुईगावात सॅन्टनभाऊंची पिकअप ओळखत नाही असं कुत्रंसुद्धा सापडायचं नाही. डिझेलची जुनी गाडी, एकेकाळी पांढरी असावी. वळणावर आधी तिचा आवाज यायचा, मग ती, आणि तिच्या मागून धूर. मागे लाल माठ, पालक आणि केळीचे घड, पुढे स्टिअरिंगवर सॅन्टनभाऊ आणि त्यांना चिकटून कार्मिन, त्यांची बायको. दाराकडची जागा मोकळी सोडून ही बाई मधोमध बसायची आणि गिअरच्या दांड्यावर हात ठेवायची. बाया हसायच्या, मीही हसायचे. अगं, लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून हात सुटत नाही का, असं विचारलं की म्हणायची, "तुला काय कळतंय, भागू." आणि खरंच कळत नव्हतं.

सॅन्टनभाऊ अबोल माणूस. चर्चमध्ये मिस्साला मागच्या बाकावर बसणार, लग्नात जेवले की पहिले निघणार. तरुणपणी दुसऱ्यांच्या बागा शिंपल्या, मग कुणाच्या टेम्पोवर ड्रायव्हर, आणि केस पिकायला लागल्यावर ही पिकअप घेतली, तीही दुसऱ्याने वापरलेली. त्या दिवशी फादरांनी येऊन गाडीवर पाणी शिंपडलं आणि माझ्या मालकांनी चाकापुढे नारळ फोडला. दोन्हीकडून काम पक्कं केलं. तेव्हापासून गाडीला कुणी नाव ठेवलेलं भाऊंना खपायचं नाही. एकदा त्यांचा मुलगा जॅक्सन, "पपा, धूर फार टाकते," एवढंच म्हणाला, तर भाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. कार्मिन ताट झाकून बसून राहिली.

कार्मिन मागच्या पावसाळ्यात गेली. तापाचं निमित्त झालं. त्यानंतरही पिकअप रोज सकाळी निघायचीच, फक्त पुढे एकच डोकं दिसायचं. परत आल्यावर भाऊ गाडी बंद करायचे आणि उतरायचेच नाहीत. मी ओट्यावर तांदूळ निवडत बघायचे. हाक मारावी असं वाटायचं, पण मारून बोलणार काय? माझं घरही रिकामंच. दोन रिकामी घरं एकमेकांना काय सांगणार.

मग गाडी बिघडली. स्टेशनाजवळचा पूल उतरताना तिसऱ्या गिअरचा दांडा आपोआप खटकन मागे यायचा. गिअर सुटला की गाडी मोकाट धावते, ब्रेकवर उभं राहावं लागतं. भाऊंनी कुणाला सांगितलं नाही. एके दिवशी पुढच्या रिक्षाला जरासा धक्का लागला, रिक्षावाल्याने पुलावर सभा भरवली, आणि बातमी बोळिंजला जॅक्सनच्या फ्लॅटपर्यंत पोचली.

तो रविवारी आला. मुलगा चांगला आहे, वाईट बोलणार नाही मी. त्याने गाडी घेतली, गल्लीबोळांतून समुद्रापर्यंत नेली, परत आणली. दांडा जागचा हलला नाही. त्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "पपा, गाडी बरी आहे. हात चुकतोय तुमचा." मम्मीची वर्षाची मिस्सा झाली की गाडी विकू, तुम्ही आमच्याकडे या, खोली तयार आहे, असंही म्हणाला. 

संध्याकाळी भाऊ माझ्या ओट्यावर आले. चहा निवला तरी प्यायले नाहीत.

"वहिनी, खरं सांगा. मी विसरायला लागलोय का?"

मी म्हटलं, माझा विळा नेलात तो परत दिला नाहीत, पण ते तुम्ही तरुणपणीही करत होतात. हसले नाहीत. मग म्हणाले की हात गेला असेल तर मी मुकाट बोळिंजला जातो. पण जायच्या आधी खात्री हवी. शेजारी बसून कुणीतरी माझ्या हाताकडे लक्ष द्यायचं, एवढंच काम. गावातल्या पुरुषांना विचारलं तर प्रत्येक जण वेगळा बिघाड सांगेल. तुम्हाला गाडीतलं काही कळत नाही, म्हणून तुम्ही चला.

असा मान मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. मी गेले.

सातिवलीच्या कारखान्यांत जेवण पुरवणाऱ्या खानावळीची भाजी होती, गाडी भरलेली. मी दाराशी बसले, नजर त्यांच्या हातांवर. पूल चढलो. उतार लागला, भाऊंनी पाय जरा सैल केला, आणि खटकन दांडा मागे आला. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. गाडी सुटली, मी दोन देवांची नावं घेतली, त्यांतला एक त्यांचा. खाली जाऊन गाडी कशीबशी आवरली.

"पाहिलंत?"

"पाहिलं. तुमचा हात नव्हता, भाऊ."

खानावळीत भाजी उतरवताना त्यांची मान जरा वर झाली होती.

येताना पुन्हा तोच पूल. मला धडकी भरलेली. दार खडखडत होतं, म्हणून मी मधे सरकले. धरायला हाताशी होता तो दांडाच. भाऊंनी तिसरा टाकून हात काढला आणि मी तो दांडा पुढे रेटून गच्च धरला. उतारावर तो माझ्या मुठीत वासरासारखा धडपडला, पण सुटला नाही. पूल संपला. भाऊंनी माझ्या हाताकडे पाहिलं. मीही पाहिलं. अगदी कार्मिन बसायची तशीच बसले होते मी.

त्यांनी पुढच्या चौकात गाडी वळवली आणि पुन्हा पूल ओलांडून सातिवलीला रमेशच्या गॅरेजात आणली. रमेशने आधी नुसते प्रश्न विचारले. चढावर की उतारावर, गाडी भरलेली की रिकामी, पाय दाबलेला असताना की सोडल्यावर. जॅक्सनने गल्लीबोळांतून चालवली म्हटल्यावर म्हणाला, तिथे तिसरा पडतोच कुठे. मग इंजिन बंद करून दांडा हलवून बघितला, क्लच दाबून बघितला आणि गाडीखाली शिरला. गिअरबॉक्सचं ऑइल काढलं, त्यात पिवळा चुरा चमकत होता. पितळ झिजलंय आतलं, म्हणाला, गिअरबॉक्स खोलावा लागेल.

खोलून झाल्याचा निरोप आला तेव्हा भाऊ मलाही घेऊन गेले. रमेशने वर्तमानपत्रावर सगळे भाग मांडले होते. त्यातला दोन बोटांच्या चिमट्यासारखा एक तुकडा उचलून त्याने दाखवला. गिअर सरकवून जागेवर बसवतो तो हा फोर्क. त्याचं एक बोट धड होतं. दुसरं एका बाजूने झिजून पातळ झालेलं, आरशासारखं चकचकीत.

"काका, हे आत्ताचं नाही. गिअर खूप वर्षं सुटायला बघतोय. कुणीतरी दांडा कायम पुढे दाबून धरलाय, म्हणून सुटला नाही. आणि दाबून धरला म्हणूनच हा असा झिजला. सुरुवातीला आला असतात तर एका स्प्रिंगमध्ये काम झालं असतं."

भाऊंनी फोर्क हातात घेतला. अंगठ्याने ती चकचकीत बाजू पुसत राहिले. गॅरेजात शेजारी कुणीतरी पत्रा ठोकत होतं, ते थांबल्यावर म्हणाले, "मला वाटायचं, तिला पुलाची भीती वाटते."

जॅक्सन धुराबद्दल बोलला त्या दिवशीचं ते झाकलेलं ताट मला आठवलं. कार्मिनच्या उजव्या तळहाताला घट्टा पडलेला, तोही आठवला. विचारलं होतं मी एकदा. विळ्याचा आहे, म्हणाली होती.

वर्षाची मिस्सा झाली. भाऊंनी जॅक्सनला फोर्क दाखवला, आणि रमेशने सांगितलेलं सगळं सांगितलं. सबंध जन्मात मुलाशी एवढं एकदम बोलले नसतील. जॅक्सनने तो तुकडा बराच वेळ हातात धरला. मग विकायचं राहू दे, म्हणाला, आणि जाताना आईच्या फोटोसमोर उगाच थांबला.

गाडी दुरुस्त होऊन आली. रमेशने बजावून पाठवलं होतं, आता दांड्यावर हात ठेवायचा नाही, गिअर टाकला की हात काढायचा, नाहीतर नवा फोर्कही तसाच झिजेल. पहिल्या खेपेला मी सोबत गेले. दाराशी बसले, मधली जागा मोकळी. पूल चढलो, उतरायला लागलो. भाऊंनी पाय सैल केला. दांडा हलला नाही.

"बसला की हो जागेवर," मी म्हटलं.

"बसला," ते म्हणाले.

मग त्यांनी डावा हात स्टिअरिंगवरून काढला, दांड्यावर ठेवला, आणि उतार संपेपर्यंत तिथेच राहू दिला. रमेशने काय बजावलं होतं, त्याची मी आठवण करून दिली नाही. खिडकीबाहेर बघत बसले.