मेरा हस्बंड बोलती है

फोनच्या पडद्यावर त्या माणसाने पोराचं मनगट धरलं, मूठ उघडली आणि आतली माती झाडून टाकली. मी तेव्हा कमोडच्या खुर्चीवरून अर्धी उठले होते. मला धरणारे दोन्ही हात एकदम सुटले.

मी धप्पकन परत बसले. खुब्याच्या नव्या सांध्यात अशी कळ आली की मी ओरडले. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवला होता. तिकडे केनियात, तिच्या गावात, पेटी खड्ड्यात उतरवलेली होती आणि तिचा मुलगा कबरीच्या काठावर आपला रिकामा हात बघत उभा होता. तो माणूस आणखी काहीतरी बोलला. लोक मागे सरले. फोन धरणाऱ्या तिच्या बहिणीचा हात हलला असावा, कारण मग नुसतं आभाळच दिसायला लागलं.

"मामा," ती म्हणाली, "मेरा बच्चा को घर से निकाल दिया."

"आधी मला उठव," मी म्हटलं. तिने मला उठवलं, धुतलं, पलंगावर बसवलं. काम नीट केलं. मग ती खाली फरशीवर बसली.

ती माझी आया. माझा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि मुलाने एजन्सीमार्फत तिला ठेवलं. मुलगा आणि सून दोघं कामाला जातात. तो दुबईत अल क्वोजच्या गोदामात, ती इथेच शारजात, आमच्या रोल्ला भागातल्या एका दवाखान्यात रिसेप्शनला. नातू शाळेत. दिवसभर घरात आम्ही दोघी. मी रत्नागिरीकडची, चौथी पास. हिंदी मला मुंबईतल्या चार वर्षांत जमली तेवढीच. तिला हिंदी शारजात शिकावी लागली, कारण इथे लिफ्टमध्येही हिंदीच चालते. तिच्या स्वाहिलीत औषधाला दावा म्हणतात, गाडीला गारी, दुकानाला दुका. तेवढ्यावर आमचं जमून गेलं. मला ती मामा म्हणायची. त्यांच्यात मामा म्हणजे आई. सून हसून म्हणायची, "अम्मी, तुम्ही आता माझे मामेसासरे झालात."

तिच्या हिंदीवर घरात सगळेच हसत. बाई आली की ती 'आया' म्हणायची आणि पुरुष आला की 'आयी'. भाषेत तिला बाईमाणूस आणि बाप्यामाणूस कळतच नाहीत, असं आमचं पक्कं ठरलं होतं. तिच्या भाषेत 'तो' आणि 'ती' एकच असतं, हे तिनेच सांगितलं होतं. त्यामुळे रोज संध्याकाळी फोन ठेवून ती म्हणायची, "मेरा हस्बंड बोलती है, बारिश नहीं आया," तेव्हा कोणाला त्यात नवल वाटत नव्हतं.

"मेरा हस्बंड को घुटना दुखती है."

नातू सोफ्यावरून ओरडायचा, "दादी, शी मीन्स ही!"

ती पण हसायची. हसून पुन्हा तेच बोलायची.

मातीच्या त्या दिवसाआधी काही दिवस फोन आला आणि ती स्वयंपाकघरात खाली बसली. "मेरा हस्बंड मर गई," म्हणाली. सुनेने तिला उठवून पाणी दिलं, इन्ना लिल्लाही म्हणाली, मुलाला फोन करून तिकिटाचं बोलली. मुलगाही भला आहे. लगेच म्हणाला, पाठवू, एजन्सी बदली बाई देईल. घरचं जवळचं माणूस गेलं तर ते बदली देतात. फक्त मयताचा काहीतरी पुरावा लागतो.

तिने फोटो दाखवला. पेटीत एक म्हातारी होती. डोक्याला फडकं बांधलेलं, तोंड मिटलेलं, माझ्याएवढीच असेल.

"ये कौन?" मुलाने विचारलं.

"मेरा हस्बंड."

मुलाने माझ्याकडे पाहिलं, मी सुनेकडे. नातू या वेळी काही बोलला नाही.

"अम्मी, ही बनवतेय आपल्याला," मुलगा मराठीत म्हणाला. "जिच्याकडे काम करत होती ती म्हातारी असेल. सुट्टी पाहिजे म्हणून नवरा म्हणते. एकदा गेली की परत यायची नाही."

तिला मराठी येत नव्हती, पण अर्थ समजला. बदलीचं राहिलं, तिकिटाचं राहिलं, आणि दफनाच्या दिवशी ती माझ्या खोलीत फोन जगला टेकवून बसली. मलाच त्या वेळी उठायची घाई झाली. शरीराला कळत नाही, कोणाच्या घरी काय चाललंय ते.

फरशीवर बसून मग तिने मला सगळं सांगितलं. हिंदीत, स्वाहिलीत, हातांनी. जे कळलं नाही ते मी पुन्हा विचारलं.

ती कांबा लोकांतली. त्यांच्यात लग्न झालं की प्रत्येक बायकोचं वेगळं घर धरतात. घर म्हणजे नुसत्या भिंती नाहीत. बायको, तिची मुलं, तिच्या वाट्याचं शेत, तिची गुरं, हे सगळं मिळून एक घर. त्या घराचं सगळं पुढे त्याच घरातल्या मुलाला जातं. त्या म्हातारीला मूल झालं नाही. नवरा मेला. मुलगा नसला की घर बुडतं आणि शेत दीर-पुतण्यांत जिरतं. तेव्हा त्यांच्या रीतीत एक वाट आहे. बाई स्वतः बकऱ्या घेऊन मुलीच्या आईबापाकडे जाते आणि आपल्यासाठी बायको मागते. मुलगी येते, म्हातारीची बायको होते, म्हातारी तिचा नवरा. मुलं कोणापासून व्हायची ते बघून ठरवतात. त्या पुरुषाचा मुलांवर हक्क नाही. मूल म्हातारीच्या घराचं, नाव म्हातारीच्या मेलेल्या नवऱ्याचं.

"तू हां बोली?" मी विचारलं.

"मैं हां बोली. वो मारती नहीं थी, मामा. मेरा बहन का हस्बंड मारता है. मेरा नहीं मारती."

ती शेतात होती तेव्हा म्हातारीने पोर पाठीला बांधून वाढवलं. ती शारजाला आली ती म्हातारीला विचारून. म्हातारी म्हणाली होती, जा, घर मी धरते.

आता म्हातारी गेली होती आणि तो माती झाडणारा माणूस म्हातारीच्या मेलेल्या नवऱ्याचा पुतण्या होता. त्यांच्या गावात बायकोने आणि मुलाने पहिली माती टाकायची, मग बाकीच्यांनी. पुतण्याने सगळ्यांसमोर सांगितलं की ही बायको नव्हतीच, पाणी भरायला ठेवलेली पोरगी होती. बायको असती तर आज इथे असती. आणि तो पोरगा कोणाचा कोण. पुढच्या आठवड्यात जमातीचे वडीलधारे बसणार होते. तिथे ती दिसली नाही तर घर, शेत सगळं पुतण्याचं, आणि पोराने आपल्या मावशीकडे जायचं. त्याच, जिचा नवरा मारतो.

मला माझी नणंद आठवली. तिलाही मूल झालं नाही. आमच्याकडे बाईला मूल नाही झालं की नवरा दुसरी करतो. तिच्या नवऱ्यानेही केली. नणंद मागच्या खोलीत गेली आणि सवतीच्या मुलांना तांदळाची भाकरी थापून घालत राहिली. नवरा मेल्यावर शरीयतप्रमाणे तिला बायकोचा हिस्सा होता. मिळाली चुलीजवळची खाट. कोणी वाईट वागलं नाही, असंच सगळे म्हणायचे. आणि इकडे ही जमात, जिथे बाई स्वतःच दुसरी करते, म्हातारपणी तिच्याजवळ तिचं माणूस असतं आणि तिच्या शेतात तिचा मुलगा. मला हे विचित्र वाटलं नाही. विचित्र वाटायला मला वेळच मिळाला नाही. ती रडायला लागली होती.

संध्याकाळी मुलगा आला. मी म्हटलं, "हिला उद्या पाठव."

"अम्मी, एजन्सीला काय सांगू? म्हातारी कोण हिची?"

"नवरा."

"असं नसतं अम्मी."

"तिच्याकडे असतं."

सून मधे पडली. म्हणाली, "सासू म्हणू या ना. सासू गेली म्हटलं की लगेच बदली मिळेल. कोण बघतंय?" मला ते पटलं. मी आयाला बोलावलं, म्हटलं, फोनवर सास बोल, खलास, कल विमान.

ती दारात उभी राहिली. "सास नहीं बोलती."

"अगं, नुसतं बोलायचंय!"

"मामा, वो आदमी बोलता है मैं वाइफ नहीं. मैं बी बोलूँ वो मेरा हस्बंड नहीं? फिर वो क्या झूठ बोला?"

मुलगा गप्प बसला. माझा मुलगा गप्प बसतो तेव्हा त्याला पटलेलं असतं, पण अडचण संपलेली नसते. तो म्हणाला, "बदली नाही मिळाली तर तुम्हाला कोण उचलणार? आम्ही दोघं कामावर. रात्री ठीक आहे, दिवसा काय?"

"डायपर आण," मी म्हटलं.

हे बोलायला मला आवडलं नव्हतं. ऑपरेशननंतर डॉक्टरने सांगितलं तेव्हा मी त्याच्यावर ओरडले होते. पण दुसरं काही सुचलं नाही.

"दादी, नो!" नातू म्हणाला.

"तू काय घालत होतास? मीच बदलत होते तुझं," मी म्हटलं.

मुलाने एजन्सीला फोन लावला. स्पीकरवर पलीकडचा माणूस हिंदीत म्हणाला, "लेकिन सर, हस्बंड का नाम तो लेडीज का है." मुलगा काहीतरी समजावत होता. मी म्हटलं, दे इकडे.

"हस्बंडच है," मी सांगितलं. "औरत थी. हमारे घर में सबको मालूम है. तुम लिखो."

"मांजी, सिस्टम में..."

"तुम्हारे सिस्टम में नहीं होगा. बदली देना है तो दो, नहीं देना है तो मत दो, ये तो जायेगी."

बदली नाहीच दिली. ती गेली. विमानतळावर मुलानेच सोडलं. जाताना तिने माझे पाय तेल लावून चोळले, नखं कापली, आणि कमोडची खुर्ची घासून उन्हात ठेवली, जसं काही ती वाळेपर्यंत परत येणार होती.

डायपरचे दिवस घाण होते. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. सून सकाळी बदलायची, दुपारी सुट्टीत धावत यायची, नाक मुरडायची नाही. तिच्याबद्दल मी इतकी वर्षं जे बोलत होते त्यातलं अर्धं मी तेव्हापासून बोलत नाही.

बैठकीनंतर तिचा फोन आला. मागे कोंबड्या, माणसांची गडबड. तिचा आवाज बसला होता, पण ती हसत होती.

पुतण्या तिथेही तेच म्हणाला, लग्नाच्या बकऱ्या कधी गेल्याच नाहीत. तिच्या आईने सांगितलं, आल्या होत्या, आणि दोन्हीकडच्या लोकांनी आमच्या अंगणात बसून खाल्ल्या. पुतण्या म्हणाला, कोणी खाल्ल्या, दाखवा. तेव्हा वडीलधाऱ्यांतला सगळ्यात म्हातारा, जो तोपर्यंत झोपलाय असं वाटत होतं, तो म्हणाला, "मी खाल्ली. तेव्हा मला दात होते." सगळे हसले. पुतण्याच्या चुलत्यालाही हसू आवरलं नाही, आणि मग त्यानेही कबूल केलं की आपणही खाल्ली होती. बकरी खाल्लेला माणूस मग नाही म्हणू शकत नाही. त्यांच्यात तीच सही.

त्या बोळक्या म्हाताऱ्यानेच मुलाला हाताला धरून कबरीपाशी नेलं आणि त्याच्या मुठीत माती दिली. मुलाने टाकली. तिनेही टाकली.

"अच्छा हुआ," मी म्हटलं. "अब तू कब आती है?"

कोंबड्यांचाच आवाज येत राहिला.

"मामा, वो लोग बोला, घर तेरा. लेकिन घर में औरत चाहिए. घर खाली रखना नहीं." मग म्हणाली, "पहले मेरा हस्बंड रहती थी. अब मैं."

मला वाईट वाटलं. रागही आला, कारण मुलाचं म्हणणं खरं झालं होतं. त्याने मात्र तिची बॅग कार्गोने पाठवून दिली. नातवाने त्यात आपले जुने बूट घातले आणि वर कागद लावला. काय लिहिलं विचारलं तर म्हणाला, "जस्ट हाय, दादी."

आता माझ्याकडे दुसरी आया आहे, ती चांगली हिंदी बोलते. मी वॉकर धरून कमोडपर्यंत स्वतः जाते. केनियातून शुक्रवारी फोन येतो. तिचा मुलगा उंच झालाय, शेतात मका आहे. पाऊस आला की नाही ते ती सांगते.

म्हातारी गेली. तिकडे मुलगा आहे, त्याची आई आहे, आणि इकडे फोनवर त्यांची मामा, मी आहे.