जुन्या डायरीतला रियाल

बारा वर्षांपूर्वीचा भाव आजचा म्हणून सांगून मी एका माणसाला गावचं सरण मिळू दिलं नाही. काल कपाट आवरताना डांबरगोळ्यांच्या वासासकट ती डायरी पुन्हा हाती आली. बँकेत विदेशी चलनाच्या टेबलावर असताना मी तिच्यात रोजचे भाव लिहायचो, आणि निवृत्तीनंतर बेसाच्या आमच्या सोसायटीत तिच्याच जिवावर तज्ज्ञ म्हणून मिरवायचो. एका भर उन्हाच्या दुपारी आमचा नेपाळी चौकीदार वर आला. त्याचा धाकटा भाऊ कतारमध्ये कामावर असताना वारला होता. कंपनी थकलेला पगार रियालमध्ये देणार होती, आणि प्रेत गावी न्यायचा खर्च एजंटनं नेपाळी रुपयांत सांगितला होता. "साहेब, तेवढ्यात भागते का, पाहा ना." बायको म्हणाली, "अवो, मोबाईलवर पाहून घ्या." मी म्हटलं, "मोबाईलले काय समजते? रियाल काय पळून जाते?" आणि डायरी उघडून ऐटीत गुणाकार केला. पैसे जेमतेम साठ टक्के खर्चाला पुरत होते. कूलरच्या घरघरीत, माझ्यासमोर उभं राहूनच त्यानं एजंटला फोनवर सांगितलं, "तिथंच पुरून टाका." महिन्याभरानं पैसे आले, ते माझ्या हिशेबाच्या जवळजवळ दुप्पट. प्रेत आणूनही चार पैसे उरले असते. चूक कबूल करायला मी डायरी घेऊन गेटवर गेलो. त्यानं पानावरची तारीख बोटानं दाबून धरली. "साहेब, या तारखेले तर माझा भाऊ जिवंत होता."